निगमाच्या वित्त अधिकाऱ्याची नेमणूक: कागद कोणाकडे मागायचे, कसे मागायचे, हाती आल्यावर काय पाहायचं

इंदूर नगर निगमात (महापालिकेत) वित्ताची खुर्ची बदलली की शहरात आठवडाभर चर्चा होते. मग कोणीतरी आरटीआय टाकतो. महिन्याभराने ‘जानकारी निरंक है’, म्हणजे अशी माहितीच नाही, असं एका ओळीचं उत्तर येतं आणि विषय तिथेच संपतो. निगम काहीतरी लपवतंय असा समज मात्र पक्का होतो. कधी खरंच लपवलेलं असतं. बहुतेक वेळा चुकीच्या कार्यालयाकडे चुकीची गोष्ट मागितलेली असते, आणि त्यावर ‘निरंक’ हे उत्तर कायद्याने बरोबरही ठरतं.

२०१८ आणि २०२३ मध्ये बॉण्ड काढून निगमाने बाजारातून पैसा उभा केला. २०२४ मध्ये ड्रेनेजच्या बनावट बिलांचं प्रकरण बाहेर आलं. त्यामुळे पैशाच्या कागदावर सही कोणाची आणि तो अधिकार त्याला कसा मिळाला, हे विचारणं रास्तच आहे. ते कोणत्या क्रमाने विचारायचं ते खाली दिलं आहे. शुल्क आणि कार्यालयं मध्य प्रदेशातली आहेत. बडोद्याच्या वाचकांनी गुजरातचे नियम वेगळे पाहावेत, तिथे अर्जाचं शुल्कसुद्धा निराळं आहे.

टप्पा १: ही नेमणूक नेमकी कोणत्या जातीची?

अर्ज लिहायच्या आधी हे ठरलं नाही तर पुढचं सगळं वाया जातं. ‘वित्त अधिकारी’ म्हणून आपण ज्याच्याबद्दल बोलतो तो निगमात पाचपैकी कोणत्याही वाटेने आलेला असू शकतो.

१. राज्य शासनाने बदलीने पाठवलेला अधिकारी. आदेश नगरीय विकास एवं आवास विभागाचा, भोपाळहून.

२. प्रतिनियुक्तीवर आलेला, बहुधा राज्याच्या वित्त सेवेतला. इथे दोन विभागांचे कागद असतात. मूळ विभागाची संमती एकीकडे आणि घेणाऱ्या विभागाची मागणी दुसरीकडे.

३. निगमाचाच अधिकारी, ज्याला ‘अतिरिक्त प्रभार’ दिला आहे.

४. संविदेवर (कंत्राटावर) घेतलेला लेखा तज्ज्ञ किंवा सल्लागार.

५. कोणतीही नवी नेमणूक झालेलीच नाही. आयुक्तांनी अपर आयुक्तांमध्ये कामं वाटून देताना ‘वित्त’ एकाकडून काढून दुसऱ्याकडे दिलं. याला कार्य विभाजन आदेश म्हणतात.

पाचवा प्रकार लोकांच्या ध्यानातच येत नाही. अर्जात ‘नियुक्ति आदेश’ मागितला, तर त्या पदावर नियुक्तीचा आदेश अस्तित्वातच नसतो आणि लोक सूचना अधिकारी (जन माहिती अधिकारी) शांतपणे ‘निरंक’ लिहून मोकळा होतो. तो खोटं बोलत नाही, आपणच चुकीचा कागद मागितलेला असतो.

नेमणुकीची जात ओळखायला आदेशाची प्रत हवी. ती बहुतेकदा व्हॉट्सॲपवर फिरतच असते. तिच्यात चार जागा पाहा. वर कोणत्या कार्यालयाचं नाव आहे? खाली ‘मध्य प्रदेश के राज्यपाल के नाम से तथा आदेशानुसार’ ही ओळ आहे का? असेल तर आदेश शासनाचा आहे, आणि निगमाकडे त्याची फक्त आलेली प्रत असणार. तिसरी जागा क्रमांक आणि दिनांकाची. चौथी सगळ्यांत उपयोगाची, आणि तीच कोणी वाचत नाही: तळाशी पृष्ठांकन क्रमांकाखाली असलेली ‘प्रतिलिपि’ची यादी. हा कागद कोणकोणत्या कार्यालयात गेला ते तिथे ओळीने लिहिलेलं असतं. तुमचा अर्ज कोणाकडे जायला हवा, याचं उत्तर त्या यादीत असतं.

सावधान: निवासी ऑडिटचे अधिकारी आणि निगमाचे लेखा अधिकारी यांची गल्लत करू नका. ऑडिटवाले स्थानीय निधि संपरीक्षेतून येतात आणि तो विभाग राज्याच्या वित्त खात्याखाली आहे. त्यांच्या पदस्थापनेचे मूळ कागद निगमात मागण्यात अर्थ नाही.

टप्पा २: जे फुकट मिळतं ते आधी गोळा करा

माहिती अधिकार कायदा २००५च्या कलम ४(१)(ख) प्रमाणे सतरा प्रकारची माहिती कार्यालयाने न मागता प्रसिद्ध करायची असते. अधिकाऱ्यांचे अधिकार आणि कर्तव्यं, त्यांची सूची, मासिक वेतन, अंदाजपत्रक हे सगळं त्यात येतं. म्हणजे ‘साहेबांना पगार किती’ या प्रश्नासाठी अर्ज खर्च करायचं कारण नाही. निगमाच्या संकेतस्थळावर ही माहिती जुनी किंवा अर्धवट दिसली तर त्या पानाचा तारखेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवा, अपिलात कामाला येतो.

दुसरी जागा बॉण्डच्या कागदांची. २०२३ मध्ये जलूदच्या सौर प्रकल्पासाठी निगमाने २४४ कोटींचे ग्रीन बॉण्ड सार्वजनिक विक्रीला काढले. ते राष्ट्रीय शेअर बाजारात सूचीबद्ध आहेत. त्या वेळचं ऑफर डॉक्युमेंट सार्वजनिक आहे. निगमाचे लेखे आणि प्रशासन गुंतवणूकदारांपुढे कसं मांडलं गेलं, ते त्यात वाचायला मिळतं. जाडजूड कागद आहे, पण वित्त शाखेची रचना समजून घ्यायची असेल तर एक संध्याकाळ त्याला द्यावी.

टप्पा ३: अर्ज कोणाच्या नावे, कोणत्या भाषेत

अर्ज मराठीत लिहू नका. कलम ६(१) प्रमाणे अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा असतो आणि मध्य प्रदेशात मराठी त्यात बसत नाही. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकाकडून आलेला तयार नमुना तसाच भरून दिलात तर तो परत यायला निमित्त मिळतं. शिवाय त्यात महाराष्ट्राचे नियम आणि तिथली पदनामं असतात.

अर्ज ‘लोक सूचना अधिकारी’ यांच्या नावे. महापौर, आयुक्त, पार्षद (नगरसेवक) यांच्या नावे नाही.

नेमणूक तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या प्रकारची असेल तर निगमात, शिवाजी मार्केटजवळच्या मुख्यालयात, सामान्य प्रशासन किंवा स्थापना शाखेकडे. पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारासाठी भोपाळला: मंत्रालयातला नगरीय विकास एवं आवास विभाग, आणि गरजेप्रमाणे पालिका भवनातलं नगरीय प्रशासनाचं संचालनालय किंवा वित्त विभाग.

शंका असेल तर एकाच दिवशी दोन अर्ज टाका, एक निगमात आणि एक भोपाळला. कलम ६(३) प्रमाणे अर्ज पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवायची जबाबदारी त्यांची आहे, हे खरं. प्रत्यक्षात तो टेबलावरच पडून राहतो. दोन अर्जांचा आणखी एक फायदा असतो. भोपाळच्या कागदावरची तारीख आणि निगमाच्या कागदावरची तारीख शेजारी ठेवता येते, आणि पुष्कळदा खरी गोष्ट त्या दोन तारखांच्या मधल्या फटीत असते.

अर्ज व्यक्तीच्या नावाने करा. कायद्याने हा हक्क नागरिकाला दिला आहे. रहिवासी संघाच्या किंवा मंडळाच्या लेटरहेडवर, ‘अध्यक्ष’ म्हणून शिक्का मारून दिलेला अर्ज नाकारायला आयतंच कारण मिळतं. साध्या पांढऱ्या कागदावर नाव, पत्ता, सही एवढं पुरे. आधारची प्रत जोडायची सक्ती कायद्यात नाही, आणि कशासाठी हवी आहे ते लिहायचीही गरज नाही, कलम ६(२).

टप्पा ४: प्रश्न लिहिणं

सगळ्यांत जास्त अर्ज इथे पडतात. ‘अमुक अधिकाऱ्यालाच वित्त विभाग का दिला?’, ‘ही नेमणूक नियमाला धरून आहे का?’, ‘पारदर्शकतेसाठी काय केलं?’ हे प्रश्न सभेत विचारायचे. आरटीआयमध्ये जे कागदावर, संगणकावर किंवा फायलीत आहे तेच मागता येतं. मत, खुलासा, तर्क तयार करून देण्याची जबाबदारी लोक सूचना अधिकाऱ्यावर नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या उत्तरपत्रिकांच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे.

‘का’ कळत नाही असं मात्र नाही. ‘का’ नोटशीटवर, म्हणजे नस्तीतल्या (फायलीतल्या) टिपणांच्या पानांवर लिहिलेलं असतं. म्हणून नोटशीट मागा.

हिंदीत उतरवून घ्यायचा साधारण मजकूर असा:

१. नगर पालिक निगम, इंदौर में वित्त/लेखा शाखा के प्रभारी अधिकारी के संबंध में दिनांक … से … तक जारी समस्त पदस्थापना, प्रतिनियुक्ति, संविदा नियुक्ति, अतिरिक्त प्रभार एवं कार्य विभाजन आदेशों की सत्यापित प्रतियाँ।

२. उक्त आदेशों से संबंधित नस्ती की संपूर्ण नोटशीट एवं पत्राचार की सत्यापित प्रतियाँ।

३. उक्त पद हेतु लागू अर्हता/भर्ती नियम तथा स्वीकृत पद संरचना की प्रति।

४. यदि विज्ञापन जारी हुआ हो तो विज्ञापन, प्राप्त आवेदनों की संख्या, चयन समिति के गठन का आदेश एवं कार्यवाही विवरण।

५. उक्त अधिकारी को सौंपे गए वित्तीय एवं आहरण-संवितरण अधिकारों के आदेश की प्रति।

६. प्रतियाँ लेने से पूर्व नस्ती के अवलोकन की अनुमति दी जाए। व्यक्तिगत विवरण (निवास, मोबाइल, बैंक खाता आदि) धारा १० के अंतर्गत पृथक कर शेष जानकारी दी जाए। जानकारी अन्य कार्यालय से संबंधित हो तो धारा ६(३) के अंतर्गत आवेदन अंतरित किया जाए।

पहिल्या मुद्द्यात पाचही शब्द ओळीने आहेत. नेमणूक कोणत्याही नावाखाली झाली असली तरी ती त्यातल्या एकात सापडते. मुदत मात्र भरा, आणि फार लांबवू नका. दोन-अडीच वर्षं पुष्कळ झाली. ‘आरंभ से आज तक’ लिहिलं की कलम ७(९) पुढे येतं: एवढी माहिती काढण्यात कार्यालयाची ताकद अवाजवी खर्च होईल, म्हणून नेमक्या त्या स्वरूपात देता येणार नाही.

पाचवा मुद्दा गाळू नका. नेमणुकीचा आदेश एक, आणि पैसे काढायचा-वाटायचा अधिकार देणारा आदेश दुसरा. सह्या दुसऱ्या आदेशावर चालतात. पहिला निघाला पण दुसरा निघालाच नाही, किंवा दुसरा आधी निघाला, अशी गाडी रुळावरून घसरलेली दिसते ती इथेच.

चौथ्या मुद्द्यात निवड समितीतल्या मुलाखतकारांची नावं मागायचा मोह टाळा. बिहार लोकसेवा आयोगाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये मुलाखत घेणाऱ्यांची नावं-पत्ते देणं बंधनकारक नाही असं म्हटलं आहे. त्या एका मागणीच्या आडोशाने पूर्ण मुद्दा नाकारला जातो. समितीच्या गठनाचा आदेश मागितलात तर तिच्यात कोणकोणती पदं होती ते बहुधा कळतंच.

तपासा: अर्जात प्रश्नचिन्ह आहे का? असेल तर ते वाक्य बदला. ‘भ्रष्टाचार’, ‘मिलीभगत’ असे शब्द आहेत का? काढून टाका, त्यांनी एकही कागद जास्त मिळत नाही. गोपनीय चरित्रावली, वैद्यकीय बिलं, मालमत्तेचं विवरण मागितलंय का? तेही काढा. त्याचं कारण आठव्या टप्प्यात आहे.

टप्पा ५: शुल्क आणि पोहोच

मध्य प्रदेशात अर्जाचं शुल्क १० रुपये, पहिल्या अपिलाचं ५०, दुसऱ्या अपिलाचं १००. प्रती पानामागे २ रुपये. शुल्क रोख भरून पावती घ्या किंवा नॉन-ज्युडिशियल स्टॅम्प जोडा. कोर्ट फी तिकीट किंवा रेव्हेन्यू तिकीट चिकटवून अर्ज टपालात टाकणं ही नेहमीची चूक. पोस्टल ऑर्डर केंद्र सरकारच्या कार्यालयांत चालते म्हणून इथेही चालेल असं धरू नका, आधी काउंटरवर विचारा. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही, पण त्याचा दाखला सोबत हवा.

राज्याचं ऑनलाइन पोर्टलही आहे. भोपाळच्या विभागांसाठी ते सोयीचं पडतं. निगमासाठी वापरायचं असेल तर यादीत कार्यालयाचं नाव आहे का, ते आधी पाहा. जवळपासच्या नावाच्या दुसऱ्याच कार्यालयाला अर्ज जाण्याचे प्रकार इथे फार होतात.

हातोहात देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. तिन्ही पाहिजेत. नुसती सही चालत नाही, कारण अपिलात मुदत मोजायची असते ती तारखेवरून. टपालाने पाठवत असाल तर स्पीड पोस्ट करा आणि ट्रॅकिंगचा ‘डिलिव्हर्ड’ दाखवणारा कागद त्याच आठवड्यात छापून ठेवा. काही दिवसांनी तो संकेतस्थळावरून जातो.

सावधान: सीएम हेल्पलाइन १८१ वर तक्रार नोंदवणं किंवा मंगळवारच्या जनसुनवाईत निवेदन देणं म्हणजे माहिती मागणं नव्हे. तिथे तक्रार ‘निराकृत’ दाखवून बंद होते आणि तुमच्या हाती एकही कागद येत नाही. ही वाट नंतर, कागद मिळाल्यावर.

टप्पा ६: तीस दिवस कसे मोजायचे

अर्ज कार्यालयाला मिळाल्यापासून ३० दिवस. ३ जूनला मिळाला तर ३ जुलैपर्यंत. मध्येच प्रतींच्या शुल्काचं पत्र आलं तर ते पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस धरले जात नाहीत. म्हणजे २३ जूनला पत्र निघालं आणि तुम्ही ८ जुलैला पैसे भरलेत, तर उरलेले १० दिवस तिथून पुढे, १८ जुलैपर्यंत. पत्र आल्याआल्या भरा. आणि त्यात पानांची संख्या आणि दराचा हिशेब आहे का तेही पाहा, कायद्याने तो द्यावा लागतो. मुदत उलटून गेल्यावर शुल्क मागत असतील तर कलम ७(६) दाखवा, तेव्हा माहिती विनामूल्य द्यायची असते.

त्या अधिकाऱ्याला ‘तृतीय पक्ष’ मानून नोटीस काढली, असं पत्र येऊ शकतं. कलम ११ प्रमाणे त्याला पाच दिवसांत नोटीस, म्हणणं मांडायला दहा दिवस, आणि एकूण निर्णय चाळीस दिवसांत. त्याने ‘देऊ नका’ म्हटलं म्हणजे विषय संपला, असं नाही. त्याचं म्हणणं ऐकून निर्णय लोक सूचना अधिकाऱ्यालाच करायचा असतो आणि कारणासकट लिहायचा असतो.

या काळात फोन येतो. ‘भाऊसाहेब, कशाला हवंय? येऊन भेटा ना.’ जे सांगायचं ते पत्रात लिहा म्हणावं, आणि फोन ठेवावा.

टप्पा ७: नस्ती पाहायचा दिवस

प्रती मागण्याआधी अवलोकन मागायचं कारण हे: पानं किती आणि कोणती, ते आधी दिसतं. दोनशे पानांचे पैसे भरून त्यातली दीडशे बिनकामाची निघण्यापेक्षा एकदा जाऊन बसावं. वेळेच्या हिशेबाने शुल्क लागतं, त्यामुळे काय पाहायचं ते ठरवून जा.

नोटशीट पहिल्या पानापासून वाचा. प्रस्ताव खालून वर गेला की वरून खाली आला, ते पहिल्या दोन टिपणांत कळतं. लेखा शाखेच्या बाबूने ‘पद रिक्त है, प्रस्ताव प्रस्तुत’ असं लिहून सुरुवात केली असेल तर ती नेहमीची वाट. ‘निर्देशानुसार आदेश का प्रारूप प्रस्तुत है’ हेच पहिलं वाक्य असेल, तर निर्देश कोणाचे आणि ते लेखी कुठे आहेत, त्या कागदाचा क्रमांक टिपून घ्या.

मग मधली टिपणं. ‘कृपया चर्चा करें’ असा शेरा दिसला की थांबा. त्याच्या आधीचं टिपण आणि नंतरचं टिपण शेजारी ठेवून वाचा. आधीच्यात तीन नावं होती आणि नंतरच्यात एकच उरलं, किंवा आधी ‘अर्हता अनुसार’ होतं आणि नंतर ‘प्रशासकीय दृष्टि से’ झालं, तर फरक चर्चेत पडला आहे आणि चर्चेची नोंद नाही. तुमच्या निवेदनाचा कणा हाच.

तारखांची उतरंड लिहून काढा: प्रस्ताव, अनुमोदन, आदेश, कार्यमुक्ती, रुजू, प्रभार सूची, आहरण-संवितरण अधिकार. ही उतरंड सरळ खाली यायला हवी. आदेश अनुमोदनाच्या आधीचा असेल तर पुढे कुठेतरी ‘कार्योत्तर स्वीकृति’ हा शब्द असतो. नसेल तर ते आणखी गंभीर.

पानांचे क्रमांक पाहा. खाडाखोड, एकावर एक लिहिलेले आकडे, मधलंच एखादं पान नसणं. असं दिसलं तर तिथल्या तिथे, ‘पृष्ठ १४ और १६ उपलब्ध, पृष्ठ १५ नस्ती में नहीं पाया गया’ अशी नोंद अवलोकनाच्या कागदावर करून त्यावर तिथल्या कर्मचाऱ्याची सही मागा. सही देत नसेल तर त्याच दिवशी आवकमध्ये पत्र द्या. दुसऱ्या दिवशी दिलेल्या पत्राला निम्मी किंमत राहते.

अतिरिक्त प्रभाराच्या नस्तीत आणखी एक गोष्ट पाहायची: मुदत. ‘आगामी आदेश तक’ लिहिलेला प्रभार किती महिने चालला, आणि मधल्या काळात नियमित अधिकाऱ्याची मागणी भोपाळला गेली की नाही. गेली नसेल तर तो तुमचा सगळ्यांत बळकट मुद्दा. त्यात कोणा व्यक्तीवर बोट ठेवावं लागत नाही.

टप्पा ८: नकार आला तर

नकाराचं पत्र आधी नीट वाचा. त्यात कोणत्या कलमाखाली नाकारलं, कारण काय, अपील किती दिवसांत आणि कोणाकडे, हे चारही हवेत, कलम ७(८). यातलं एक जरी नसेल तर अपिलाचा पहिला मुद्दा तोच.

हल्ली नकार येतो तो कलम ८(१)(ञ) खाली, ‘व्यक्तिगत जानकारी’ म्हणून. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ने या कलमाचा मजकूर बदलला आणि नोव्हेंबर २०२५ पासून तो बदल लागू आहे. पूर्वी सार्वजनिक कामाशी किंवा हिताशी संबंध नसलेलीच वैयक्तिक माहिती नाकारता येत होती. आता ‘वैयक्तिक माहिती’ एवढंच कारण त्या कलमात उरलं आहे. म्हणून जुने नमुने आणि जुने निकाल उतरवून केलेली अपिलं आता टिकत नाहीत.

उरलेले आधार तीन. पहिला कलम ८(२): सूट असली तरी जाहीर करण्यातलं लोकहित हानीपेक्षा मोठं असेल तर माहिती देता येते. दुसरा कलम १०: वैयक्तिक भाग झाकून बाकीचं द्या. तिसरा साधा आहे पण तोच जास्त चालतो. पदाची अर्हता, स्वीकृत पदसंख्या, कार्य विभाजन आदेश, वित्तीय अधिकारांचा आदेश ही कोणाचीच वैयक्तिक माहिती नाही, ती पदाची माहिती आहे. चौथ्या टप्प्यात व्यक्तीबद्दलचं सगळं गाळायला सांगितलं ते यासाठीच. कारण लिहायची सक्ती अर्जात नाही. अपिलात मात्र लोकहित स्पष्ट लिहा: हे पद सार्वजनिक पैशाच्या देयकांवर सही करतं.

पहिलं अपील नकार मिळाल्यापासून किंवा मुदत संपल्यापासून ३० दिवसांत. वरच्या उदाहरणात ३ जुलैपर्यंत काहीच आलं नाही तर २ ऑगस्ट ही शेवटची तारीख. त्यावर निर्णय ३० दिवसांत, कारण लिहून जास्तीत जास्त ४५. दुसरं अपील ९० दिवसांत भोपाळच्या राज्य सूचना आयोगाकडे, अरेरा हिल्सवरच्या सूचना भवनात. नकार योग्य होता हे सिद्ध करायचं ओझं लोक सूचना अधिकाऱ्यावर असतं, कलम १९(५). दंड दिवसाला २५० रुपये, कमाल २५,०००.

सावधान: चिडून थेट आयोगाकडे कलम १८ची तक्रार करू नका. मणिपूरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितलंय की कलम १८खाली दंड होऊ शकतो, पण माहिती द्यायचा आदेश होत नाही. कागद हवे असतील तर वाट कलम १९ची. आणि अपिलात नवे प्रश्न घुसडू नका, त्यासाठी १० रुपयांचा नवा अर्ज टाका.

टप्पा ९: कागद हाती आल्यावर

आधी एक पान लिहा. डावीकडे नियम काय म्हणतो, उजवीकडे नस्तीत काय झालं, मध्ये पान क्रमांक. एवढंच. विशेषणं नकोत.

ते पान घेऊन आपल्या वॉर्डाच्या पार्षदाकडे जा. निगमात ८५ पार्षद आहेत आणि परिषदेच्या संमेलनात लेखी प्रश्न विचारायची सोय त्यांना आहे. तुम्ही विचारलेल्या ‘का’ला आरटीआयमध्ये जागा नव्हती, पार्षदाच्या प्रश्नात आहे. पार्षदाच्या हाती गठ्ठा देऊ नका. एक पान, सोबत दोन सत्यापित प्रती, आणि प्रश्न हिंदीत लिहूनच द्या.

समाजमाध्यमांवर टाकताना नस्तीतल्या कागदाचा फोटो आणि त्यात जे लिहिलंय तेवढंच टाका. कार्यपद्धतीवर बोला. अधिकाऱ्याने पैसे दिले, घेतले, वशिला लावला हे नोटशीटमधून सिद्ध होत नाही आणि तसं लिहिलंत तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ची बदनामीची तक्रार तुमच्यावर येते. कागदावरचे मोबाइल नंबर, घरचे पत्ते झाका, ते कार्यालयाकडून झाकायचे राहून गेले असले तरी.

उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात जायची भाषा लवकर सुरू होते. तिथे दोन गोष्टी आधी वकिलाशी बोलून घ्या. सेवाविषयक प्रकरणात जनहित याचिका चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्येच सांगितलं आहे, आणि तरीही दरवेळी कोणीतरी तीच दाखल करतं. चालू शकते ती अधिकारपृच्छेची याचिका: हा माणूस या सार्वजनिक पदावर कोणत्या अधिकाराने बसला आहे? तिच्यासाठी नियमात लिहिलेली अर्हता त्याच्याकडे नाही किंवा वैधानिक नियम मोडून नेमणूक झाली, हे दाखवावं लागतं. दुसरा उमेदवार जास्त लायक होता, एवढं पुरत नाही. आणि प्रकरण पाचव्या प्रकारचं असेल, म्हणजे नुसता कार्य विभाजन आदेश असेल, तर ही याचिकाही बहुधा टिकणार नाही. अशा वेळी वित्ताचं पद मंजूर असून नियमित अधिकारी का मागवला जात नाही, हे लेखी निवेदन नगरीय विकास विभागाला द्यावं, त्याची पोहोच घ्यावी, आणि दोन महिन्यांनी त्या निवेदनावर काय कार्यवाही झाली त्याची नोटशीट आरटीआयने मागवावी.